हुशार मुलगी सोप्या गणितात का चुकली? प्रश्नातला पक्षपात आकड्यांनी पकडण्याबद्दल

पूर्वभाग_मास्तर

नमस्कार मंडळी,

आठवडाभर एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतोय. लांब होईल, पण शिक्षक असाल किंवा घरात शिष्यवृत्तीला बसणारं मूल असेल तर जरूर वाचा.

मी सोलापुरात, पूर्वभागातल्या एका मराठी शाळेत पाचवीला शिकवतो. माझ्या वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं घरी तेलुगू बोलतात. आई-वडील यंत्रमागावर, टॉवेलच्या शिलाईत, नाहीतर विड्या वळण्यात. काही घरांत कन्नड, काही घरांत उर्दू. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात उभं राहिलं की चारही भाषा कानावर पडतात. आम्ही आसपासच्या शाळांचे शिक्षक मिळून दरवर्षी शिष्यवृत्तीची सराव परीक्षा घेतो. संविधान तक्ता, म्हणजे कोणत्या घटकाला आणि उद्दिष्टाला किती प्रश्न याचा आराखडा, धरून पेपर आम्हीच काढतो.

यंदाच्या गणितात एक प्रश्न माझा होता. ‘एका परकराला पावणेदोन मीटर कापड लागते, तर अशा ४ परकरांना किती मीटर कापड लागेल?’ पर्याय ६, ७, ८, ९. उत्तर ७. मी तो सोप्यात धरला होता.

वर्गातली गणितात सगळ्यात पुढची मुलगी तिथे चुकली. तिने ९ चा गोल भरला होता. मी तिचं कच्चं काम पाहिलं. पेन्सिलीने नीट लिहिलं होतं: दोन चोक आठ, पाव चोक एक, आठ अधिक एक नऊ. गुणाकार बरोबर, बेरीज बरोबर, अपूर्णांक बरोबर. तिला जवळ बोलावून विचारलं, “पावणेदोन म्हणजे किती गं?” ती म्हणाली, “दोन आणि पाव, सर.”

तेलुगूत पाव म्हणजे ‘पावु’. दोन आणि पाव हे तिच्या घरी ‘दोन-नि-पाव’ असंच जोडून बोलतात. तिने पावणेदोनमधला ‘पाव’ ऐकला, ‘दोन’ ऐकला आणि दोन्ही जोडले. मराठीतला ‘पावणे’ मात्र पाव वजा करतो. हे तिला कोणी कधी सांगितलंच नव्हतं, मी धरून.

मग सगळ्या शाळांच्या उत्तरपत्रिका काढून बसलो. तेलुगू घरातली जी मुलं चुकली होती ती बहुतेक ९ वर गेली होती. मराठी घरातली चुकलेली मुलं ६, ८, ९ अशी विखुरली होती. म्हणजे एका गटाचं चुकणं अंदाजपंचे होतं आणि दुसऱ्या गटाचं चुकणं एकाच रस्त्याने गेलेलं होतं.

आता खरा मुद्दा. अशा वेळी आपण शिक्षक काय करतो? दोन गटांची टक्केवारी काढतो. फरक दिसला की अर्धे म्हणतात, “ती मुलं कच्चीच आहेत.” उरलेले म्हणतात, “प्रश्नच अन्यायकारक आहे, काढून टाका.” नुसत्या टक्केवारीवर ही दोन्ही वाक्यं टिकत नाहीत. ते मी स्वतः आकडे मांडल्यावर पटलं, म्हणून इथे मांडतो. पुढचे आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, आमच्या परीक्षेचे नाहीत.

समजा मराठी घरांतली १०० मुलं आणि तेलुगू घरांतली १०० मुलं आहेत. गणिताच्या एकूण गुणांवरून त्यांचे खालचा, मधला, वरचा असे तीन थर केले. मराठी घरांतली थरांत २०, ४०, ४०. तेलुगू घरांतली ४०, ४०, २०.

प्रश्न क्रमांक एक. बरोबर उत्तरं मराठी घरांत ६, २४, ३६. तेलुगू घरांत १२, २४, १८. एकूण ६६ विरुद्ध ५४. बारा टक्क्यांचा फरक, लगेच बोंब होईल. पण थर बघा: खालच्या थरात दोन्हीकडे ३० टक्के, मधल्यात ६० टक्के, वरच्यात ९० टक्के. सारख्या तयारीच्या मुलांना प्रश्न सारखाच जातोय. एका गटात वरच्या थरातली मुलं जास्त आहेत, फरक तेवढ्यानेच. या प्रश्नाचा काही दोष नाही. शिकवण्यात, परिस्थितीत, शाळेत दोष असेल, आणि तो मोठाही असेल, पण प्रश्न तो फक्त दाखवतोय.

प्रश्न क्रमांक दोन. मराठी घरांत ८, २४, ३४. तेलुगू घरांत ८, १६, १४. एकूण ६६ विरुद्ध ३८. इथे थर बघा: ४० विरुद्ध २० टक्के, ६० विरुद्ध ४०, ८५ विरुद्ध ७०. प्रत्येक थरात, म्हणजे सारखेच गुण मिळवणाऱ्या मुलांतही, एक गट मागे. हा प्रश्न गणितापलीकडचं काहीतरी विचारतोय. आपला पावणेदोनचा प्रश्न असा असावा असा माझा संशय आहे.

या ‘सारख्यांची सारख्यांशी तुलना’ करण्याला मँटेल-हेन्झेल पद्धत म्हणतात. कागदावर करता येते. प्रत्येक थरात तिरका गुणाकार करायचा: मराठी घरांतली बरोबर गुणिले तेलुगू घरांतली चूक, भागिले थरातली एकूण मुलं. मग उलटा तिरका: मराठी घरांतली चूक गुणिले तेलुगू घरांतली बरोबर, भागिले तीच एकूण मुलं.

खालचा थर: ८ × ३२ ÷ ६० = ४.२७ आणि १२ × ८ ÷ ६० = १.६०
मधला थर: २४ × २४ ÷ ८० = ७.२० आणि १६ × १६ ÷ ८० = ३.२०
वरचा थर: ३४ × ६ ÷ ६० = ३.४० आणि ६ × १४ ÷ ६० = १.४०

बेरजा १४.८७ आणि ६.२०. भागाकार २.४०. प्रश्न निर्दोष असता तर भागाकार १ च्या आसपास आला असता. २.४० चा अर्थ असा की सारख्याच गुणांच्या मुलांत बरोबर-चुकीचं प्रमाण एका गटात दुसऱ्याच्या सुमारे अडीचपट आहे. प्रश्न क्रमांक एकला हेच करून बघा, भागाकार नेमका १ येतो.

अमेरिकेतल्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसची रीत अशी की या भागाकाराचा नैसर्गिक लॉगरिदम घेऊन त्याला उणे २.३५ ने गुणतात. इथे उणे २.०६ येतं. उणे म्हणजे लक्ष्य गटाच्या, इथे तेलुगू घरांतल्या मुलांच्या, विरोधात. चिन्ह सोडून आकडा १ च्या आत असेल तर ‘अ’, दुर्लक्ष करण्याजोगा. १.५ च्या पुढे ‘क’, गंभीर. मधला ‘ब’. म्हणजे हा प्रश्न ‘क’.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे आपल्या पातळीवर, सात-आठ शाळांत, करण्यासारखं आहे का? आणि पावणेदोनचं नक्की करायचं काय?

पार्कचौक

सर, तळमळ पोचली. मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, तेव्हा स्पष्ट लिहितो, राग नसावा. पाव, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच ही मराठी गणिताची भाषाच आहे. पेपर मराठी माध्यमाचा आहे. बाजारात पावशेर भाजी आणि पावणेदोन मीटर कापड मागावं लागतंच. मुलाला ते येत नसेल तर प्रश्न काढायचा नाही, शिकवायचं. उद्या कोणी म्हणेल एकोणसत्तर अवघड आहे, तोही काढा.

पूर्वभाग_मास्तर

सर, राग कसला. शिकवायचं हे शंभर टक्के मान्य, आणि ते मी दुसऱ्याच दिवशी सुरू केलं. फळ्यावर दोरी काढली, दोनच्या खुणेपासून पावभर मागे सरकलो, सगळ्या वर्गाकडून म्हणवून घेतलं.

पण तो प्रश्न संविधान तक्त्यात कुठे बसवला होता ते बघा. घटक ‘अपूर्णांकांचा गुणाकार’, उद्दिष्ट ‘उपयोजन’. त्या मुलीला उपयोजन येतंय, तिचं कच्चं काम साक्षीला आहे. तिचा गुण गेला शब्दावर आणि आपण नोंद केली की हिला अपूर्णांकाचा गुणाकार येत नाही. मग उपचारात्मक अध्यापनाला मी तिला कशासाठी बसवणार? गुणाकारासाठी! ज्याची गरजच नाही ते तिला पुन्हा शिकवणार, आणि ज्याची गरज आहे ते तसंच राहणार.

अक्कलकोटची_बाई

मी अक्कलकोट तालुक्यात कन्नड माध्यमाला आहे. मास्तरांनी लिहिलेलं वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्याकडे हे रोजचं आहे.

कन्नडमध्ये पाऊण म्हणजे ‘मुक्कालु’, तीन पाव. पावणेदोन म्हणजे ‘एक आणि मुक्कालु’. सगळं पुढे जोडत जायचं, वजा काही नाही. त्यामुळे आमच्या कन्नड पेपरात हा प्रश्न गेला तर तो सोपा होतो! भाषांतर अगदी अचूक, तरी काठिण्य पातळी बदलली. मराठीच्या मुलाला एक पायरी जास्त चढावी लागते. म्हणजे कन्नड माध्यम आणि मराठी माध्यम अशी तुलना केली तर पक्षपात उलट्या बाजूने निघेल.

पार्कचौक सरांनी एकोणसत्तर काढलं ते बरं झालं. कन्नडमध्ये एकोणतीस म्हणजे ‘इप्पत्तोंबत्तु’, वीस आणि नऊ. दशक आधी, एकक नंतर, जसं लिहितो तसं. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी येतो आणि एकोणतीसला तर पुढचा तीस ऐकू येतो. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ आलं तेव्हा केवढा वाद झाला आठवतंय ना? मला त्या वादात एकाच गोष्टीचं वाईट वाटलं. आमच्या सीमेवरच्या, घरात एक भाषा नि शाळेत दुसरी असलेल्या पोरांचं त्यात कोणी फारसं विचारलं नाही.

जुळेसोलापूर

पालक आहे. माझा मुलगा घरी शुद्ध मराठी बोलतो पण शाळा इंग्रजी माध्यमाची. त्याला ‘पावणेआठला ये’ म्हटलं की तो सव्वाआठला येतो. म्हणजे हा प्रश्न फक्त तेलुगू-कन्नडचा नाही. मग गट पाडायचे तरी कसे? घरची भाषा, माध्यम, मुलगा-मुलगी, शहर-खेडं, आई शिकलेली की नाही? किती गट करणार?

सातरस्ता

मी मूळचा सोलापूरचा, संख्याशास्त्र शिकलो, चाचण्यांच्या विश्लेषणाचंच काम करतो. मास्तर, तुम्ही हाताने तक्ते मांडलेत याचं मनापासून कौतुक. एक दुरुस्ती आधी करतो, कारण तिथेच बहुतेक लोक घसरतात.

तुमच्या उदाहरणातला प्रश्न ‘क’ नाही, ‘ब’ आहे. ‘क’ साठी दोन अटी लागतात. आकडा १.५ किंवा त्याहून मोठा हवा, आणि तो १ पेक्षा मोठा आहे हे संख्याशास्त्रीय खात्रीने म्हणता आलं पाहिजे. मी तुमच्या तक्त्यावर प्रमाणित त्रुटी काढली, म्हणजे आकडा योगायोगाने किती इकडेतिकडे होऊ शकतो त्याचं माप. ती साधारण ०.७५ येते. २.०६ मधून १ वजा करा, १.०६. त्याला ०.७५ ने भागा, १.४ येतं. खात्रीसाठी निदान १.६५ हवं. फरक शून्य नाही एवढं मात्र नक्की म्हणता येतं: फरक निव्वळ योगायोगाचा आहे का ते तपासणारा काय-वर्ग ६.७५ येतो आणि ३.८४ ओलांडला की पाच टक्के पातळीवर आपण तो खरा धरतो. म्हणजे ‘फरक आहे, पण गंभीर आहे असं ठामपणे सांगायला मुलं कमी पडली’. दोनशे मुलांत एवढंच हाताला लागतं. माझा सल्ला, प्रत्येक गटात निदान दोनशे मुलं हवीत. सात-आठ शाळांची दोन वर्षं एकत्र केलीत, तोच प्रश्न दोन्ही वर्षी ठेवलात, तर जमेल.

मँटेल आणि हेन्झेल यांनी ही पद्धत १९५९ मध्ये मांडली ती शाळेसाठी नव्हती. दोघंही कर्करोगावरच्या संशोधनात होते. रुग्ण आणि निरोगी यांची तुलना करताना वय वगैरे सारखं असलेल्यांचीच जोडी लावायची, हा त्यांचा विचार. पॉल हॉलंड आणि डोरोथी थेयर यांनी १९८८ मध्ये वयाच्या जागी एकूण गुण ठेवले आणि ती प्रश्नपत्रिकेवर आणली.

त्याच्या आधी अमेरिकेत जे झालं ते आपल्या कामाचं आहे. इलिनॉयमध्ये टेस्टिंग सर्व्हिसने तयार केलेल्या, विमा एजंटांच्या परवान्याच्या परीक्षेवरून गोल्डन रूल नावाच्या विमा कंपनीने दावा लावला होता. १९८४ मध्ये तडजोड झाली: कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय उमेदवारांच्या बरोबर उत्तरांच्या टक्केवारीत पंधरापेक्षा जास्त फरक नसलेले प्रश्न आधी निवडायचे. हेतू चांगला, पण मोजमाप कच्च्या टक्केवारीचं. मास्तरांचा प्रश्न क्रमांक एक आठवा. त्यात फरक बारा टक्के होता. वरच्या थरातल्या मुलांची संख्या आणखी थोडी विषम असती तर निर्दोष प्रश्नही सहज पंधराच्या पुढे गेला असता आणि बाद झाला असता. टेस्टिंग सर्व्हिसच्या अध्यक्षांनी, ग्रेगरी ॲनरिग यांनी, १९८७ मध्ये ही तडजोड म्हणजे आपली चूक होती असं जाहीर म्हटलं.

शब्दाने केलेल्या पक्षपाताचं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण अमेरिकेतल्या महाविद्यालयीन प्रवेशाच्या एसएटी परीक्षेतलं आहे: धावपटूचा मॅरेथॉनशी जो संबंध, तो वल्हवणाऱ्याचा कशाशी? उत्तर ‘रिगाटा’, म्हणजे होड्यांची शर्यत. ज्याच्या घराण्यात होड्यांचे क्लब त्यालाच हा शब्द माहीत. तर्क दोघांना येतो, शब्द एकालाच येतो. तुमचा पावणेदोन अगदी त्याच जातीचा.

आता जुळेसोलापूर, गटांबद्दल. गट आधी ठरवा, आकडे बघून नाही, आणि ज्याच्यामागे कारण सांगता येईल तेवढेच पाडा. पन्नास प्रश्न पाच टक्के पातळीवर तपासले तर काही दोष नसतानाही दोन-तीन प्रश्नांवर लाल खूण पडणारच. पाच प्रकारे गट पाडलेत तर अशा दहा-बारा खुणा पडतील. मग लोक प्रत्येक खुणेला एक गोष्ट चिकटवतात. मास्तरांनी उलट केलं. आधी मुलीचं कच्चं काम पाहिलं, मग आकड्याकडे गेले. तो क्रम मला जास्त विश्वासाचा वाटतो.

विडीघरकुल_पोर

मी पूर्वभागातलाच. आई विड्या वळायची, मी नववीपर्यंत सुट्टीत कांड्या भरायचो. आता नोकरीला पुण्यात आहे.

चौथीत असताना एक प्रश्न आला होता, तुटलेल्या धाग्याला गाठी मारण्याबद्दल. चार तुकडे जोडायला किती गाठी लागतील असा. मला आणि माझ्या बाकावरच्याला तो वाचताक्षणी आला, तीन, कारण आम्ही हे हाताने करायचो. वर्गातला पहिला नंबर चार लिहून आला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की पेपर माझ्याशी बोलतोय.

सातरस्ता, तुमच्या पद्धतीने असा प्रश्न आमच्या बाजूने पक्षपाती निघेल ना? मग तोही काढणार? बाकीच्या पन्नास प्रश्नांत बंगला, बाग, लिफ्ट, विमान. एक आमचा.

सातरस्ता

भाऊ, तुमचा प्रश्न या सगळ्या शास्त्राच्या वर्मावर आहे.

हो, पद्धत त्यावर खूण करील. खूण दोन्ही बाजूंनी पडते. पण एक मर्यादा नीट समजून घेतली पाहिजे. आपण मुलांना ‘सारखं’ ठरवतो ते त्याच पेपरच्या एकूण गुणांवरून. आता एकूण गुणांतच बंगला-बाग-लिफ्ट भरलेलं असेल तर मोजपट्टीच वाकडी. पन्नासपैकी चाळीस प्रश्न एकाच बाजूला थोडेथोडे कललेले असतील तर ही पद्धत त्यांना ‘सरळ’ म्हणेल आणि जे दहा खरोखर सरळ आहेत ते तिला वाकडे दिसतील. सबंध पेपरच कललेला असेल तर आतून ते कळत नाही. त्यासाठी पेपराबाहेरचं काहीतरी लागतं, जसं पुढच्या वर्षीचं मुलांचं प्रत्यक्ष काम. ॲन क्लिअरी यांनी १९६८ मध्ये महाविद्यालयीन प्रवेशासाठी हा मार्ग वापरला: परीक्षेतले गुण पुढचं यश दोन्ही गटांसाठी सारखंच वर्तवतात का ते बघायचं.

आतून निदान एवढं करता येतं: पहिल्या फेरीत खूण पडलेले प्रश्न एकूण गुणांतून वगळायचे आणि उरलेल्या प्रश्नांवरून पुन्हा थर पाडून तपासायचं. याला मोजपट्टी शुद्ध करणं म्हणतात. जो प्रश्न तपासतोय तो स्वतः मात्र एकूण गुणांत ठेवायचा. आणि थर तीनच न करता शक्य तितके बारीक करा. तीन ढोबळ थरांत एकाच थरातली मुलंही सारखी नसतात, त्यातून खोटा पक्षपात दिसू शकतो.

आणि गाठीच्या प्रश्नाबद्दल माझं वैयक्तिक मत: खूण पडली म्हणजे फाशी नाही. पेपर काढताना अनुभवांची विविधता ठेवणं हा वेगळा निर्णय आहे, तो माणसांनी घ्यायचा असतो. तुकडे आणि गाठी मोजणं हे गणितच आहे. पण ‘कांडी’, ‘ताणा’, ‘बाणा’ हे शब्द आले आणि शब्द माहीत नसल्याने एखादा अडला, तर तो तुमच्या बाजूचा पावणेदोन झाला.

विडीघरकुल_पोर

पटलं. पण मग लिफ्टचाही तोच न्याय लावा.

सातरस्ता

लावायलाच हवा. दुमत नाही.

पार्कचौक

मी वरती कडक लिहिलं होतं. गाठींचं वाचून थांबलो. चार तुकड्यांना तीन गाठी, हे मी स्वतः किती वर्षं ‘झाडांमधली अंतरं’ म्हणून शिकवलं आणि दर वर्षी अर्धा वर्ग चुकायचा. विणकरांच्या पोरांना धाग्यावरून शिकवावं हे सुचलं नाही.

तरीही एक शंका आहे. पद्धत एवढी चांगली आहे तर मोठ्या परीक्षांत हे वाद कोर्टात का जातात? वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचं २०१८ चं तमिळ प्रकरण आठवतं.

पूर्वभाग_मास्तर

सर, ते प्रकरण मी मुद्दाम वाचलं. २०१८ च्या नीटच्या तमिळ पेपरात ४९ प्रश्नांच्या भाषांतरात चुका असल्याची तक्रार होती. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने जुलैमध्ये तमिळमधून परीक्षा दिलेल्या सगळ्यांना प्रत्येक प्रश्नाचे ४ असे १९६ वाढीव गुण द्यायला सांगितलं. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला.

एक मास्तर म्हणून मला दोन्ही टोकं खटकली. ज्याला चुकीच्या शब्दाने काहीच फरक पडला नाही त्यालाही १९६ आणि ज्याचा गोंधळ उडाला त्यालाही १९६. आणि रद्द झाल्यावर गोंधळ उडालेल्याला शून्य. ४९ पैकी कोणत्या प्रश्नांनी खरंच मुलांना पाडलं आणि कोणत्यांत चूक असूनही मुलांनी अर्थ बरोबर लावला, हे एकेका प्रश्नाच्या उत्तरांत लिहिलेलं असतं. निकालाच्या आधी ते वाचायला हवं. निकालानंतर गुण वाटणं किंवा काढणं यात कोणाचं तरी नुकसान ठरलेलं आहे.

नईजिंदगी_सर

उर्दू माध्यमाचा शिक्षक आहे. आमच्याकडे वेगळीच गोष्ट. शिष्यवृत्तीच्या दुसऱ्या पेपरात बुद्धिमत्ता चाचणीचे पन्नास प्रश्न असतात, त्यात आकृत्यांच्या मालिका येतात. आकृतीला भाषा नाही असं सगळे समजतात. पण आमची मुलं वाचतात उजवीकडून. मालिका डावीकडून सुरू होते. सरावाच्या वर्गात मी बघतो, काही पोरांची नजर आधी उजव्या टोकाच्या प्रश्नचिन्हावर जाते आणि तिथून ती मागे मागे येतात. उलटी मालिका वाचून जे उत्तर येतं ते पर्यायांत असलं की खुशाल गोल भरतात.

हुशार पोरं दोन-तीन प्रश्नांत सावरतात. खालची पोरं शेवटपर्यंत उलटं वाचत राहतात. हे तुमच्या तक्त्यात दिसेल का?

सातरस्ता

सर, हे फार मोलाचं निरीक्षण आहे. खालच्या थरात मोठा फरक आणि वरच्या थरात जवळजवळ नाही, याला विषम पक्षपात म्हणतात. मँटेल-हेन्झेल सगळ्या थरांचा मिळून एकच आकडा देते, त्यामुळे असा पक्षपात तिला अर्धवटच दिसतो. आणि खालच्या थरात एका बाजूने, वरच्या थरात दुसऱ्या बाजूने असा फरक असेल तर बेरजेत तो पुसूनच जातो.

त्यासाठी हरिहरन स्वामिनाथन आणि जेन रॉजर्स यांनी १९९० मध्ये लॉजिस्टिक रिग्रेशनचा मार्ग दिला. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. आधी फक्त एकूण गुणांवरून उत्तर बरोबर येईल का ते वर्तवायचं. मग त्यात गट घालायचा: अंदाज सुधारला तर सरळ पक्षपात. मग गुण आणि गट यांचा गुणाकार घालायचा: पुन्हा सुधारला तर विषम पक्षपात. हे हाताने नको, संगणकावर ‘आर’ नावाची फुकट प्रणाली आहे, तिच्यात ‘डिफआर’ नावाचं पॅकेज या सगळ्या पद्धती एकत्र करतं. ओएमआर पत्रिकांवरून प्रत्येक मुलाची एक ओळ आणि प्रत्येक प्रश्नाचा एक रकाना, बरोबरला १, चुकीला ०, अशी फाइल मला दिलीत तर मी चालवून देतो. मुलांची नावं काढून टाका, फक्त क्रमांक ठेवा.

पण सर, आकड्याच्या आधी एक करा. चार मुलांना शेजारी बसवून मालिका सोडवताना बोलत सोडवायला सांगा. कुठून सुरू करतात, बोट कुठे ठेवतात, हे लिहून ठेवा.

जुळेसोलापूर

मी कापडाच्या दुकानात हिशेब बघतो, एक्सेल रोजचं आहे. फाइल भरायला मी येतो. घरच्या भाषेचा रकाना कोण भरणार? प्रवेशाच्या नोंदीत मातृभाषा असते, पण बऱ्याच पालकांनी तिथे ‘मराठी’च लिहिलेलं असतं ना?

अक्कलकोटची_बाई

बरोबर. नोंदीवर जाऊ नका. मुलालाच विचारा, ‘आईशी कोणत्या भाषेत भांडतोस?’ खरं उत्तर येतं.

पूर्वभाग_मास्तर

बाई, हाच रकाना ठेवतो, अगदी याच शब्दांत.

ठरलं ते लिहितो. पावणेदोनचा प्रश्न आम्ही फोडून दोन केले आहेत. एक भाषेचा: पावणेदोन म्हणजे कोणता अपूर्णांक. दुसरा गणिताचा: तेच परकर, तेच ४, पण कापड ‘१ पूर्णांक ३/४ मीटर’ असं अंकांत. पुढच्या सराव परीक्षेत दोन्ही जाणार, लांब लांब ठेवून, म्हणजे पहिल्याने दुसऱ्याला सुचवायला नको. पार्कचौक सर, शब्द वगळला नाही, त्याला त्याचा स्वतःचा गुण दिला. अक्कलकोटच्या बाई कन्नड भाषांतर तपासतील. नईजिंदगी सर चार मुलांना घेऊन बसतील. गाठींचा प्रश्न मी घेतोय, ‘धागा’ आणि ‘गाठ’ एवढेच शब्द ठेवून.

काल त्या मुलीला दुसरा प्रश्न तोंडी दिला. तिने ७ सांगितलं आणि विचारलं, “सर, हा तर तोच आहे ना?”

पार्कचौक

फाइल भरायच्या दिवशी मलाही बोलवा. डोळे अधू झालेत, पण एकाने वाचायचं आणि एकाने भरायचं असलं तर वाचायचं काम मी करतो.